आदल्या रविवारची जत्रा

'मी पाहिलेली जत्रा' हा निबंध आमच्या शाळेत दरवर्षी असतो. वह्या तपासायला बसलं की एक आकाशपाळणा प्रत्येक वहीत फिरत असतो. त्याच्या शेजारी फुगेवाला, पुढे जिलेबीचं दुकान आणि शेवटी 'अशी होती माझी जत्रा'. ही मुलं हिंगोलीची, आसपासच्या खेड्यांची. वर्षाकाठी दोन-तीन जत्रा तरी ती बघतात, पण वहीत उतरते ती गाइडातली जत्रा. मुलांना बोल लावू नका, पालकहो. गर्दीच्या दिवशी आईचा पदर धरून चाललेल्या सात वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या पाठी आणि पिशव्या दिसतात. वर मान केली तर आकाशपाळणा दिसतो. मग तो तेवढाच लिहितो.

सुटीच्या दिवशी मुलांना जत्रेला, उत्सवाला, प्रदर्शनाला न्यावं हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही नेताच. माझं मागणं थोडं निराळं आहे. मुख्य दिवशी न्यायचं तर जरूर न्या, पण त्याच्या आदल्या रविवारी एकदा न्या. तेव्हा मांडव अर्धा उभा असतो, माणसांच्या हाताला काम असतं आणि तोंडाला थोडी सवड असते. लहान मूल जवळ जाऊन उभं राहिलं तर कुणी हाकलत नाही. मुख्य दिवशी त्याच माणसाला पाणी प्यायलाही फुरसत नसते.

आपल्या हिंगोलीचा दसराच घ्या. खाकीबाबा मठाने 1855 साली सुरू केलेली ही परंपरा आहे असं जुनी माणसं सांगतात, आणि म्हैसूरनंतर आमचाच दसरा असं म्हणताना हिंगोलीकराची छाती फुगते. (म्हैसूरकरांना हे कुणी कळवलंय की नाही, देव जाणे.) विजयादशमीच्या रात्री रामलीला मैदानावर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाय ठेवायला जागा नसते. बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर अर्धवट झोपलेलं असतं, फटाक्यांच्या आवाजाने दचकून उठतं, रावण धडाधडा पेटतो आणि थोड्याच वेळात राख होऊन खाली येतो. मग घरी जायची रेटारेटी. पन्नास फुटांच्या घरातला तो पुतळा उभा कसा केला, त्याच्या पोटात काय असतं, दहा तोंडं एका मानेवर तोलतात कशी, यातलं मुलाने काहीच पाहिलेलं नसतं. आधीच्या आठवड्यात गेलात तर बांबूचा सांगाडा दिसतो, कागद चिकटवणारे हात दिसतात. रावण आडवा पडलेला पाहिला की मुलं आधी हसतात आणि मग प्रश्नांवर प्रश्न विचारतात.

रामलीलेचंही तसंच. नवरात्रातल्या सुरुवातीच्या दिवसांत पुढची जागा सहज मिळते. उत्तरेकडून आलेली मंडळी हिंदीत संवाद म्हणतात, आणि आपली मराठी पोरं ते तोंड उघडं ठेवून ऐकतात. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात रामलीला आली कुठून, असं एखादं चौकस मूल विचारील. त्याचा हात धरून त्याला गावातूनच फिरवा. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही आपल्या वस्त्यांची नावं. हिंगोली निजामाच्या काळात फौजेचं ठाणं होतं आणि फौजेत दूरदूरची माणसं होती. त्यांच्याबरोबर त्यांचे सणही इथे रुजले असावेत, हा माझा आपला तर्क. पण गावाच्या नावांतून गावाचा इतिहास वाचता येतो, हे मुलाला कळलं तर दसऱ्याचं प्रदर्शन पाहण्याइतकंच ते मोलाचं आहे.

प्रदर्शनाबद्दल दोन शब्द. कृषी आणि औद्योगिक दालनांपुढून आपण मुलांना घाईने पुढे नेतो, कारण 'त्यात काय बघायचंय?' आणि पाळण्यांच्या रांगेत मात्र तासभर उभे राहतो. बचत गटाच्या बायका पापड, लोणचं, हळद घेऊन बसलेल्या असतात. तिथे मुलाला थोडा वेळ उभं राहू द्या. 'मावशी, हे तुम्ही कसं केलं?' हा प्रश्न त्याला स्वतःला विचारू द्या. आपण त्याच्या वतीने विचारतो आणि उत्तरही त्याच्या वतीने ऐकतो, ती सवय वाईट.

औंढ्याची गोष्ट सविस्तर सांगते, कारण तिथे आपण फार घाई करतो. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी नागनाथाच्या दर्शनाला रांग लागते, अरुंद पायऱ्या उतरून तळघरातल्या पिंडीपाशी पोचायचं, क्षणभर हात जोडायचे, की मागून 'चला, चला'. भाविकांना ते पुरतं, लेकरांना नाही. कोणत्याही साध्या रविवारी सकाळी या आणि दर्शन झालं की मंदिराच्या बाहेरच्या भिंतीशी थांबा. यादवांच्या काळातलं हे काम. जोत्याचा विस्तार सात हजार दोनशे चौरस फूट, उंची साठ फूट. मुलाला पावलं मोजत प्रदक्षिणा घालायला सांगा. आकडे त्याला तसेच लक्षात राहतील. भिंतीवर हत्तींची ओळ आहे, वाद्यं वाजवणारे आहेत, नाचणाऱ्या आहेत. एक हत्ती निवडा आणि तो वहीत काढायला लावा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. चित्र काढताना त्याला जे दिसेल ते शंभर फोटोंत दिसत नाही.

वरचा भाग आणि खालचा भाग एका हातचा नाही, हेही त्याला शोधू द्या. आणि नंदी कुठे आहे ते विचारा. इतर महादेवाच्या देवळांत तो समोर असतो, इथे मागे आहे. मग नामदेवांची आख्यायिका सांगा: त्यांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला जायला सांगितलं आणि देऊळच फिरलं. ही कथा घरात सांगितली तर मूल 'हो का?' म्हणतं. नंदीपाशी सांगितली तर ते स्वतः देवळाला वळसा घालून खात्री करून येतं. नामदेवांना गुरू भेटले ते विसोबा खेचरही याच गावचे, आणि नामदेवांचं नर्सी इथून फार लांब नाही. गाडी असेल तर एका रविवारात दोन्ही होतात. नसेल तर दोन रविवार काढा, बिघडत नाही.

नर्सीला मोठी गर्दी होते ती परतवारीला, आषाढीनंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या एकादशीला. कयाधूकाठी त्या दिवशी वाहनं लावायला जागा मिळत नाही. मी सुचवते ते त्याच्या कितीतरी आधीचं. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आपल्याच जिल्ह्यातून जाते, सेनगाव, नर्सी, औंढा, जवळा बाजार अशी. मुक्कामाच्या संध्याकाळी मुलांना घेऊन जा. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावताना वादक दिसला तर मुलाला त्याच्यापाशी बसवा. कणीक का लावतात, थोडी काढली तर आवाज कसा बदलतो, हे वारकरी माणूस हौसेने वाजवून दाखवतो. विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीचा धडा आहे. तो शिकवताना माझी निम्मी मेहनत वाचेल. नर्सीत मुलांना एक गोष्ट नक्की सांगा: इथल्या नामदेवांची पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, एकसष्ट. पंजाबातून माणसं नर्सीला येतात ती त्यामुळे, आणि 2015 साली मराठी साहित्य संमेलन पार पंजाबातल्या घुमानला भरलं तेही नामदेवांमुळेच.

आता थोडा अवघड विषय. आपण मुलांना आपल्याच उत्सवांना नेतो. औंढा, सेनगाव, कळमनुरी भागात बंजारा तांडे आहेत. श्रावणात तिथे तीज असते. लग्न न झालेल्या मुली दुरडीत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, आणि वीतभर वाढलेला तो हिरवा गहू शेवटी वाजतगाजत नेऊन बोळवतात. आमच्या वर्गात तांड्यावरची मुलगी आणि शहरातली मुलगी एका बाकावर बसतात, डबा वाटून खातात, पण एकीने दुसरीची तीज कधी पाहिलेली नसते. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या घरच्यांना विचारा, ते बोलावतील. बोलावल्याशिवाय मात्र तांड्यावर 'बघायला' जाऊ नका. गाडीतून उतरून मोबाइल वर धरून मुलींचे फोटो काढणारे पाहुणे मी पाहिले आहेत, आणि त्या मुलींचे उतरलेले चेहरेही. कुणाच्या अंगणात जायचं तर आधी राम राम, मग पाणी, मग गप्पा. फोटो विचारून, नको म्हटलं तर नको. उरुसालाही हेच. शेजारच्या परभणीत फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, आपल्याकडची कितीतरी माणसं जातात. मुलांनाही न्या.

पोळ्याबद्दल लिहायला हात शिवशिवतो, कारण आदल्या दिवसाचं महत्त्व शेतकऱ्याइतकं कुणालाच कळलेलं नाही. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलाचे खांदे हळद आणि तूप लावून चोळायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. शहरातल्या मुलाने पोळा म्हणजे मातीचे बैल आणि शाळेतली वेशभूषा एवढंच पाहिलेलं असतं. पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात त्याला न्या. गोंडे, घुंगरमाळा, मोरख्या, बाशिंगं, शिंगांचे रंग. त्या रंगीत ढिगापुढे तुमचं मूल मॉल विसरेल. वसमत तालुक्यातल्या वाई गोरखनाथला पोळ्याच्या निमित्ताने बैलजोड्या दर्शनाला आणतात. तिथली गर्दी मोठी असते आणि बैल बुजतात, त्यामुळे लहानग्यांना दुरूनच दाखवा.

मला ठाऊक आहे, हे वाचणाऱ्या सगळ्यांना रविवार नसतो. दसऱ्याच्या तोंडावर सोयाबीनची सोंगणी असते, महाशिवरात्रीच्या सुमाराला हळद निघत असते. मजुरीवर जाणाऱ्या आईला 'मुलाला कला दाखवा' असं सांगणं म्हणजे तिची थट्टा. तिला मी वेगळं सांगते. बाई, तुमच्या लेकराला खांदेमळणी येते, हळद शिजवताना वाफेपाशी किती अंतर ठेवायचं ते कळतं, ज्वारीच्या कणसाचं वजन हातावर कळतं. शहरातल्या मुलांना हे बघायला मिळत नाही. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती पिकवणारी माणसं तुम्ही. तेव्हा हळद शिजायला लागली की वर्गातल्या चार पोरांना शेतावर बोलवा. चहापाण्याचा खर्च दुसऱ्या पालकांनी करावा, हे मी त्यांना इथेच सांगून ठेवते.

काही रोखठोक गोष्टी. कुठेही जा, मुलाच्या खिशात तुमचं नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठे उभं राहायचं ते आल्याआल्या दाखवा. त्याच्या हातात थोडे पैसे द्या आणि ते कशावर खर्च करायचे यात तोंड घालू नका. प्लास्टिकची बंदूक घेतली तर घेऊ द्या. हाताने केलेल्या वस्तूचा भाव पाडताना मूल तुमच्याकडे बघत असतं, हे मात्र ध्यानात असू द्या. एका दिवसात एकच ठिकाण. आणि घरी आल्यावर 'काय शिकलास?' असं विचारू नका, कृपा करून. ते काम आम्हा शिक्षकांना पगार घेऊन करायचं आहे. मुलाने आपणहून रावणाच्या सांगाड्याबद्दल आजीला सांगितलं तर मध्ये न बोलता ऐका.

येत्या घटस्थापनेनंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी लवकर जेवणं उरका आणि मुलांना रामलीला मैदानावर घेऊन या. अंथरायला सतरंजी घरून आणा, पुढची जागा मिळेल. विजयादशमीच्या गर्दीत यायचं की नाही ते मग मुलांनाच ठरवू द्या.