मंडळीचा इतिहास कोणत्या वहीत असतो?

शास्त्रपाठ : एज्रा 2:59–63, रोमकरांस पत्र 16:1–16



खेड्यातल्या मंडळीचा महोत्सव आला की स्मरणिका निघते. आधी मिशनरी साहेबांचे छायाचित्र, मग कोनशिलेची तारीख, मग पाळकांची यादी आणि शेवटी देणगीदारांची नावे. हे सारे हवेच. पण टेंभुर्णीच्या आसपासच्या वस्त्यांवर काम करताना मला वाटते की अशा इतिहासात इमारत जास्त आणि मंडळी कमी असते. या पाठात आपण मेथडिस्ट मंडळीचा इतिहास सभासदांच्या वहीतून पाहू.

1. कर्जातून निघालेली वही

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्ली यांच्या सभागृहावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी 1742 मध्ये असे ठरले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. सुमारे बाराजणांचा एक गट झाला आणि प्रत्येक गटाची वही एका पुढाऱ्याकडे आली. पैसे गोळा करायला पुढारी घरोघर जाऊ लागले, तेव्हा कोण कसे जगते आहे हे त्यांना दिसू लागले. वेस्ली यांनी ओळखले की ही वही पैशांपेक्षा माणसांची काळजी घेण्यासाठी अधिक उपयोगाची आहे. ‘क्लास मीटिंग’ची सुरुवात अशी झाली. त्यांच्या सभांमध्ये सामील होण्याची अट एकच होती : आपले तारण व्हावे ही मनापासूनची इच्छा.

2. मुंबईतली घरे आणि आमची खेडी

1871 च्या अखेरीस विल्यम टेलर मुंबईत आले. त्यांनीही लोकांच्या घरांत असेच छोटे गट जमवले आणि 1872 मध्ये तिथे मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. तिने खर्चासाठी परदेशी सोसायटीकडे हात पसरायचा नाही, असा टेलर यांचा आग्रह होता. 1848 पासून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे, मिशनचा पगार नाकारणारे जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. कुलाब्याच्या मेथडिस्ट चर्चला आज त्यांचेच नाव आहे.

सोलापूर जिल्ह्यात मिशनकार्याचा पाया मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनने घातला. त्या परंपरेतल्या मंडळ्या 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या. मेथडिस्ट त्या ऐक्यात सामील झाले नाहीत. 1981 मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्थापन झाले. पाट्या वेगळ्या असल्या तरी खेड्यातली गोष्ट बरीच सारखी आहे. मंडळीत आलेली बहुतेक कुटुंबे गावकुसाबाहेरची, आणि ती जोपासणारे शाळामास्तर, उपदेशक व बायबल बाई. त्यांचे फोटो स्मरणिकेत क्वचितच असतात.

3. दुसऱ्या वह्या

आमच्या लोकांची नावे आणखीही वह्यांत आहेत, आणि त्या वह्या प्रेमाने लिहिलेल्या नाहीत. इंग्रज सरकारने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि त्यांच्यावर हजेरी लादली. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही काळ मिशनकडे होता. म्हणजे शाळेचा आणि सरकारी हजेरीचा असे दोन्ही पट मिशनच्या हाती होते. तो कायदा देशभर 1952 मध्ये रद्द झाला, तरी ‘नाव लिहून घेतो’ म्हटले की पारधी वस्तीवरची म्हातारी माणसे आजही सावध होतात. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

दुसरी वही जातीच्या दाखल्याची. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना मिळाला. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही, पण धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळा, ही मागणी अधूनमधून जोर धरते. म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीतल्या एका ओळीमागे मुलीची शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा, भावाची नोकरी असे बरेच काही अडकलेले असते. वर्षानुवर्षे उपासनेला येऊनही बाप्तिस्म्याचे नाव काढत नाहीत, अशी माणसे आपल्याला माहीत आहेत. त्यांना ‘अर्धवट विश्वासणारे’ म्हणणे सोपे आहे. पण ज्याला काही गमवावे लागणार नाही, त्याने ते म्हणू नये.

4. वचन काय सांगते?

बाबेलहून परतलेल्यांच्या यादीत एज्रा एक गट नोंदवतो. त्यांना आपले घराणे इस्राएलचे आहे हे सिद्ध करता आले नाही. तरी ते यादीतून गळले नाहीत. ते मोजले गेले, 652 जण. ज्या याजकांची नावे वंशावळीत सापडली नाहीत, त्यांना सेवेपासून दूर ठेवले गेले, पण निकाल उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक येईपर्यंत थांबला. अखेरचा शब्द वही सांभाळणाऱ्याचा नव्हता.

रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल कितीतरी लोकांना सलाम सांगतो. फिबी, प्रिस्का, अक्विला यांची नावे आपल्याला पाठ असतात. पण तिथेच रूफसाची आई आहे, नीरियाची बहीण आहे. त्यांची नावे कागदावर नाहीत, सलाम मात्र त्यांनाही आहे.

5. आपण काय करावे?

देणगीदार बंधुभगिनी प्रेमाने विचारतात, “यंदा बाप्तिस्मे किती झाले? नावे आणि फोटो पाठवा.” त्यांना माझी विनंती आहे की नावे मागू नका. आम्ही लपवाछपवी करत नाही, आणि खोटा दाखला काढा असेही कुणाला सांगत नाही. ज्याला उघड साक्ष द्यायची आहे तो देईल, आणि त्याची किंमत मोजताना आपण त्याच्या पाठीशी उभे राहू. पण दुसऱ्याची साक्ष त्याच्या परवानगीशिवाय छापण्याचा हक्क आपल्याला नाही.

मंडळीचा इतिहास मात्र जरूर लिहा. पहिली प्रार्थनासभा कोणाच्या ओसरीवर भरली, मुलांना गीते कोणी शिकवली, दुष्काळात कोणी कोणाला जोंधळे दिले, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांच्या संमतीने टिपून ठेवा. आठवड्याला कोण कोणाची विचारपूस करते, एवढे ज्या वहीत असेल ती मंडळीची खरी वही. ब्रिस्टलमध्येही ती अशीच सुरू झाली होती.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीतली कोणती सेवा कोणत्याच स्मरणिकेत आलेली नाही?
2. उपासनेला येणारे पण सभासद नसलेले लोक आपल्याकडे किती आहेत? त्यांच्या घरी शेवटचे कोण गेले होते?
3. मंडळीचा खर्च आपल्या दानार्पणातून किती भागतो? उरलेला भागवण्यासाठी आपण काय करू शकतो?

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांची नावे आम्ही लिहू शकत नाही, ती तुला ठाऊक आहेत. त्यांना सांभाळ, आणि आम्हांला त्यांच्या दारापर्यंत जाण्याची बुद्धी दे. आमेन.