सायकलीच्या छऱ्यांची निगा

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैराग ही आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ. वाड्यावस्त्यांवरून शाळेला येणाऱ्या मुलामुलींना चार-पाच किलोमीटरचे अंतर सायकलीने सहज तोडता येते. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील निवडक तालुक्यांत गरजू विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या, त्या याच हेतूने. परंतु सायकल जड चालू लागली की ती घराच्या भिंतीला टेकून राहते आणि शाळेचा खाडा सुरू होतो. अशा वेळी दोष साखळीला दिला जातो. खरे दुखणे पुष्कळदा हबमधील छऱ्यांत असते.

साध्या सायकलीच्या मागील हबमध्ये दोन्ही बाजूंस सामान्यतः नऊ-नऊ पाव इंची छर्रे बसतात, पुढील हबमध्ये दहा-दहा, आकाराने लहान. कप आणि कोन यांच्यामध्ये ते गडगडतात, म्हणून चाक हलके फिरते. काळ्या रानातील वाटांची बारीक धूळ ग्रीसमध्ये शिरली की तेच ग्रीस कानशीचे काम करू लागते.

यावरील उपायास दुकानांतून ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. लोकांनी त्यात तेल ओतले, प्रत्यक्षात काम ग्रीसचे. पावसाळा संपताच हब खोलून सर्व भाग डिझेलने धुवावेत, कोरडे पुसावेत, कपात ग्रीसचा थर देऊन छर्रे बसवावेत. कोनावर नखाला खड्डा लागल्यास कोन बदलावा. जुन्या छऱ्यांत दोन-चार नवे मिसळण्याची काटकसर मात्र महागात पडते. नवा छर्रा झिजलेल्यांहून किंचित मोठा असतो. भार त्याच्यावरच येतो आणि तो कपाला खड्डा पाडतो. संच पूर्णच बदलावा.

कोन आवळणे हे खरे कसबाचे काम. घट्ट झाला तर छर्रे भरडले जातात, सैल राहिला तर चाक डुलते. उचललेले पुढील चाक व्हॉल्व्हच्या वजनानेच फिरून स्थिरावले आणि बाजूस हलले नाही, तर जुळणी योग्य समजावी. लॉकनट आवळल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण त्या ओढीने कोन सरकतो.

बंद बेअरिंगचे हब धूळ बरीच रोखतात. मात्र त्यासाठी हब बदलून चाक नव्याने विणावे लागते, आणि बेअरिंग काढण्या-बसवण्यास वेगळी हत्यारे लागतात. खेड्यात चांगल्या प्रतीचे छर्रे व ताजे ग्रीस हीच सुधारणा अधिक परवडणारी. कोनाचे पातळ पाने नेहमीच्या संचात सहसा नसतात. त्यांची एक जोडी शाळेने घेऊन ठेवल्यास वरच्या वर्गातील मुले हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली स्वतः करू शकतील.