सिक्स बर्थमध्ये झोपतात किती?

रेल्वेच्या स्लीपर डब्यात मधला बर्थ लागला की काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. खालची मंडळी बसली आहेत तोवर तुम्हाला आडवं होता येत नाही आणि तुम्ही आडवे झालात की त्यांना ताठ बसता येत नाही. भाड्याच्या मोटारहोमचंही तसंच असतं. 'सिक्स बर्थ' म्हणजे सहा जणांची झोपायची सोय खरी. पण त्यातले बरेच बेड दिवसा सोफा किंवा जेवायचं टेबल असतात. रोज रात्री कुणीतरी टेबल खाली उतरवायचं, फळ्या लावायच्या, गाद्यांचे तुकडे जुळवायचे. तेव्हा भाडं विचारण्याआधी घरात एकदा ठरवून टाका: रोज रात्री बेड कोण घालणार?

न्यूझीलंडच्या साउथ आयलंडचं उदाहरण घेऊ. तिथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाडी चालवतात, त्यामुळे आपले लोक मोटारहोम घ्यायला धजावतात. नवरा-बायको आणि सोबत आई-बाबा, दिवाळीची सुट्टी, क्राइस्टचर्चहून टेकापो, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड करून परत. 10 दिवस, अंदाजे 1500 किलोमीटर.

माणसं चार, म्हणून फोर बर्थ घ्यावीशी वाटते. नका घेऊ. फोर बर्थमध्ये बहुधा एक बेड चालकाच्या डोक्यावर आणि दुसरा मागच्या सोफ्याचा. डोक्यावरच्या बेडला उभी शिडी असते आणि छत इतकं जवळ, की उठून बसताही येत नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला तिथे चढवायचा विचारही करू नये. रात्री दोनदा उठणाऱ्या बाबांना तर नाहीच. मग ते खाली झोपणार. म्हणजे सकाळी ते उठेपर्यंत चहा प्यायला बसायला जागा नाही, आणि रोजची उचलठेव आहेच. सिक्स बर्थमध्ये मधे आणखी एक टेबल-सोफा असतो. मागचा बेड पहिल्या रात्री घालायचा आणि दहा दिवस मोडायचाच नाही. या एका सोयीसाठी जास्त पैसे मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मधल्या टेबलाचा बेड मात्र लहान मुलांच्या मापाचा समजा.

दोघंच असाल तर व्हॅन चालेल, पण बेडची लांबी विचारा. फियाट डुकाटोसारख्या व्हॅनची आतली रुंदी जेमतेम 1.87 मीटर. त्यात आडवा बेड टाकला, भिंतीचं अस्तर वजा केलं, की पावणेसहा फुटांच्या माणसाचेही पाय भिंतीला टेकतात. उंच माणसाने गाडीच्या लांबीत असलेलाच बेड निवडावा. कायमचा बेड, दोन्ही बाजूंनी उतरता येणारा, ही चैन. ती असेल तर गाडी लांब होते आणि भाडं वाढतं.

आता पैसे. डॉलर न्यूझीलंडचा, साधारण 50 रुपयांचा धरू. सिक्स बर्थचं भाडं मोसमाप्रमाणे बदलतं. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात महाग. आपल्या मे महिन्यात स्वस्त, पण तेव्हा तिथे थंडीची सुरुवात, साडेपाचला अंधार. दिवाळीच्या सुमारास मधलं भाडं: दिवसाला 300 डॉलर धरले तर 3000. विम्यातला स्वतःचा वाटा कमी करायला दिवसाला 50, म्हणजे 500. हे टाळलं तर अपघातात काही हजार डॉलर तुमच्या अंगावर येऊ शकतात, म्हणून यात काटकसर नको. शंभर किलोमीटरला 14 लिटर डिझेल, लिटरला 2 डॉलर, म्हणजे 420. त्यावर डिझेल गाडीचा रस्ताकर वेगळा. तो पंपावर लागत नाही; गाडी परत करताना मीटर पाहून घेतात. शंभर किलोमीटरला साधारण 8 डॉलर, एकूण 120. मुक्काम नऊ रात्री: सहा रात्री वीज मिळणाऱ्या हॉलिडे पार्कात, चौघांचे 100 प्रमाणे 600; तीन रात्री सरकारी कॅम्पवर, 80 प्रमाणे 240. बेरीज 4880 डॉलर, म्हणजे 2 लाख 44 हजार रुपये. विमान, व्हिसा, किराणा निराळा.

तेव्हा मोटारहोम स्वस्त पडतं हा समज सोडा. तिथल्या मोटेलांतही बहुतेक ठिकाणी छोटं स्वयंपाकघर असतं. लहान गाडी आणि दोन खोल्या घेतल्या तरी खर्च याच घरात जातो. मोटारहोम घ्यायचं ते रोज बॅगा न भरण्यासाठी, आणि सकाळी पुकाकी तलावासमोर स्वतःच्या हातचा चहा पिण्यासाठी. भाडं कमी करायचंच असेल तर गाडीचं वय बघा. माउई, ब्रिट्झ आणि मायटी ही एकाच कंपनीची नावं आहेत. गाडी जुनी होत गेली की नाव बदलतं.

ब्रोशरमध्ये बेडशेजारी काय आहे ते दिसतं, पाणी दिसत नाही. टाकी साधारण 100 लिटरची. आपल्या बादलीच्या हिशेबात पाच-सहा आंघोळी. त्यामुळे आंघोळ हॉलिडे पार्कातच करावी. संडासाची पेटी वीसेक लिटरची, आणि आपण पाणी वापरतो, कागद नाही. मगाने पाणी ओतलं की चौघांची पेटी रोज किंवा एक दिवसाआड ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करावी लागते. हे काम कुणाचं, तेही आधीच ठरलेलं बरं.

वीज जोडलेली नसते तेव्हा बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज चालतात. भिंतीतले 230 व्होल्टचे सॉकेट सहसा बंद असतात. बाबा झोपताना श्वासाचं मशीन लावत असतील तर सगळ्या रात्री वीज असलेल्या जागाच बुक करा. हीटर गाडी उभी असताना, बाहेरून वीज न घेता चालतो का, हेही लेखी विचारा. आणि फोडणी दारातच, पंखा लावून द्या. गादीला बसलेला हिंगाचा वास दहा दिवस जात नाही.

दंडाचे आकडे पाठ असू द्या. गाडीत पक्का बसवलेला संडास आणि त्याचं हिरवं प्रमाणपत्र नसताना, जिथे ते सक्तीचं आहे तिथे मोफत मुक्काम केला तर 400 डॉलर. प्रमाणपत्रावर माणसांची संख्या असते, तीही तपासा. विमानतळावर लोणचं, मसाले, लाडू जाहीर केले नाहीत तरी 400. जाहीर केले तर फार तर ते काढून घेतील. सात वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट सक्तीची आहे, आणि बेड जितके, तितक्या ती अडकवायच्या जागा नसतात. साडेतीन टनांवरच्या गाडीला वेगमर्यादा ताशी 90.

गाडी ताब्यात घेताना कंपनीचा माणूस अर्ध्या तासात सगळं दाखवून सही मागेल. सही करण्याआधी त्याच्यासमोर मागचा बेड स्वतः घाला आणि आईला त्यावर आडवं होऊन बघू द्या.