चालतां चालतां बंद पडणारें जुनें ट्रॅक्टर-इंजिन

सकाळीं पहिल्याच प्रयत्नास सुरू होणारें, अर्धा-पाऊण तास उत्तम ओढणारें, आणि मग कांहीं कारण न दाखवितां मान टाकणारें इंजिन जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंस नवीन नाहीं. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, वीस मिनिटें उभें ठेवल्यास तेंच इंजिन पुन्हां बिनतक्रार चालूं लागतें. आपल्या सोलापूर जिल्ह्यांत हा विकार बहुधा रब्बीच्या पेरणींत उघडकीस येतो. कारण इतर कामांत यंत्रास मधूनमधून विसांवा मिळतो, पेरणींत मात्र तासन्‌तास अखंड ओढ पडते. भाद्रपद-आश्विनांतला वाफसा म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. तो निघून गेल्यावर मोहोळच्या केंद्रांत निवडलेली मालदांडी ३५-१ पेरली तरी ती कोरड्या रानांत उगवणार कशी?

अशा वेळीं मिस्त्रीचें पहिलें बोट पंपाकडे जातें. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, पंपास हात लावण्यापूर्वीं टाकीपासून पंपापर्यंतची वाट तपासावी. पुष्कळदां दोष तेथेंच सांपडतो. जुन्या यंत्रांच्या बाबतींत हें विशेष महत्त्वाचें आहे. एच. एम. टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारनें २०१६ सालीं घेतला. महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारींतून निघालेला बी-२७५ हा तर १९६० नंतरच्या दशकांतला. अशा यंत्राचे चांगले सुटे भाग विनाकारण उघडून बिघडविणें परवडणारें नाहीं.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांत दाबलेली हवा इतकी तापते कीं, फवाऱ्यानें आंत आलेलें डिझेल आपोआप पेटतें. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं जर्मनींत यशस्वी करून दाखविलेल्या यंत्राचें तत्त्व आजही तेंच आहे. यावरून उघड होतें कीं, जें इंजिन सकाळीं सहज सुरू होऊन तासभर ओढतें, त्याचा दाब पुरेसा आहे. मध्येंच कमी पडतें तें बहुधा डिझेल.

महसूल खात्यांत उभी हयात कारकुनी केलेल्या माणसास एक खोड लागते, ती म्हणजे स्थळपाहणी केल्याशिवाय शेरा न मारण्याची. येथें ती उपयोगी पडते. इंजिन बंद पडतांना कसें पडतें, हें आधीं पाहावें. गति कमी-जास्त होत, धापा टाकीत थांबलें, तर डिझेलची उपासमार. काळा धूर ओकून दमलें, तर हवेची अडचण. मग एअर क्लीनरच्या भांड्यांतील तेलांत धुळीचा किती चिखल झाला आहे तें पाहावें. जड होत, वाफ सोडीत थांबलें, तर तो उष्णतेचा विकार होय. तेथें पुन्हां सुरू करण्याचा मोह कटाक्षानें टाळावा.

उपासमारीचा शोध टाकीच्या झाकणापासून घ्यावा. झाकणास एक बारीक छिद्र असतें. डिझेल खालीं जाईल तितकी हवा त्यांतून आंत यावयास पाहिजे. आपल्याकडील धूळ व डिझेलचा ओलावा मिळून त्या छिद्रांत लांबी भरल्यासारखें होतें, टाकींत ओढ निर्माण होते आणि धार मंदावते. इंजिन धापा टाकूं लागतांच झाकण सैल करावें. फुस्स आवाज होऊन इंजिन सांवरलें, तर रोग सांपडला. औषध म्हणजे एक सुई.

तेवढ्यानें भागलें नाहीं तर फीड पंपाजवळची नळी सोडून धार स्वच्छ भांड्यांत धरावी. पुष्कळ लोक येथें घाई करितात. पहिला मिनिटभर धार जोमदार असते, म्हणून टाकी निर्दोष ठरवितात. धार पांच-सात मिनिटें चालूं द्यावी. मोहोळ तालुक्यांतील माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्यानें पंप उतरवून शहरांत नेला. दुरुस्तींत आठवडा गेला, रक्कमही मोठी गेली, आणि पंप परत बसविल्यावर इंजिन पूर्वींप्रमाणेंच पाऊण तासानें थांबलें. शेवटीं टाकी उपडी केली, तेव्हां नरसाळ्यास लावलेल्या कापडाचा बोटभर तुकडा व बराचसा गाळ निघाला. इंजिन चालूं असतां ओढीनें तो तुकडा तोंडाशीं येऊन बसे. इंजिन थांबलें कीं ओढ संपे व तो तळाशीं जाई. विसांव्यानंतर इंजिन सुरू होण्याचें गूढ तें एवढेंच. रबरी नळी आंतून सुटून तिचें अस्तर मिटतें, तेव्हांही असाच प्रकार होतो.

संशय राहिल्यास पांच-दहा लिटरांचा स्वच्छ डबा उंचावर, धुराड्यापासून दूर, घट्ट बांधावा व त्यांतून फीड पंपास डिझेल द्यावें. नेहमींच्या वेळेपलीकडे इंजिन चाललें, तर दोष टाकीचा अथवा तिच्या नळीचा; पंप निर्दोष सुटला.

हवा शिरण्याचा दोष अधिक फसवा असतो. फीड पंपाच्या अलीकडे नळींत ओढ असल्यामुळें तेथील सैल जोडांतून डिझेल बाहेर ठिबकेलच असें नाहीं. उलट हवा आंत जाते. म्हणून कोरडा जोड म्हणजे घट्ट जोड असें समजूं नये. इंजिन थांबल्यावर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हाताची कळ मारावी. फेस आला तर एकेक जोड व तांब्याचा वायसर तपासावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती वहींत लिहावी, नाहींतर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

इतकें करूनही गरम इंजिन सुरू होत नसेल आणि पंप रोटरी जातीचा असेल, तर थांबलेल्या इंजिनाच्या पंपावर ओलें फडकें दहा मिनिटें ठेवावें. त्यानंतर सुरू झालें, तर पंपाचे आंतले भाग झिजले असून तापून पातळ झालेलें डिझेल त्यांतून निसटतें असें समजावें. आतां मात्र पंप उतरविण्यास हरकत नाहीं.

उष्णतेच्या विकाराविषयीं थोडक्यांत: मळणीनंतर रेडिएटरच्या जाळींत भूस अडकतें, पंख्याचा पट्टा ढिला पडतो. झाकण तापलेलें असतां उघडूं नये. तसेंच चालूं इंजिनाच्या पंप ते नोझल या नळ्यांवर बोट फिरवून गळती शोधूं नये. तेथील दाब शेंकडों वातावरणांचा असतो. धार कातडी भेदून आंत जाते, जखम सुई टोंचल्याएवढी दिसते, आणि तरीही तत्काळ रुग्णालय गांठावें लागतें. दोष निघेपर्यंत उसाची ट्रॉली जोडून चढावर जाणें हें तर साहस नव्हे, अविचार होय.

गाळ व पाणी टाकींत येतें कोठून? पावसाळ्यांत अर्धी रिकामी टाकी उभी राहते, आंतली दमट हवा रात्रीं निवते व पाणी तळाशीं जमतें. त्या पाण्याच्या कडेस सूक्ष्म जंतु वाढून बुळबुळीत साय धरते. तीच फिल्टर तुंबविते. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळींच टाकी भरावी, डबा रात्रभर निवूं देऊन तळचें चार बोटें डिझेल ओतूं नये, आणि नरसाळ्यास फडक्याऐवजीं बारीक पितळी जाळी बसवावी.