घरातला छोटा छापखाना

शाळेत प्रवेश घ्यायचा असो किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो, कागदपत्रांवाचून काम होत नाही. जन्मदाखला, शिधापत्रिका, गुणपत्रिका असे कागद प्रत्येक घरात जपून ठेवलेले असतात. त्यांच्या प्रती काढायला वारंवार बाजारात जावे लागते. म्हणून आता काही घरांत प्रिंटर व स्कॅनर दिसू लागले आहेत. प्रिंटर कागदावर छापतो. स्कॅनर कागदाचे चित्र टिपून संगणकात किंवा मोबाइलमध्ये पाठवतो. ही दोन्ही कामे करणारे एकच यंत्रही मिळते.

प्रिंटर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक शाईचा. तो बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर सोडतो. त्यावर रंगीत चित्रे चांगली उमटतात. परंतु तो बरेच दिवस बंद राहिला, तर छिद्रांत शाई सुकते. दुसरा लेसर प्रिंटर. त्यात ओली शाई नसते, टोनर नावाची बारीक पूड असते. उष्णतेने ती वितळून कागदावर पक्की बसते. पूड सुकण्याची भीती नसते.

मग कोणता घ्यावा? दुकानदार यंत्राची किंमत सांगतो. आपण एका पानाचा खर्च विचारावा. समजा, एका प्रिंटरचे शाईचे कार्ट्रिज ६०० रुपयांचे आहे व त्यात १२० पाने छापून होतात. एका पानाला ५ रुपये पडले. दुसऱ्या प्रिंटरला शाईची टाकी आहे. त्याची ४०० रुपयांची बाटली ४,००० पाने छापते. एका पानाला १० पैसे पडले. पण हा प्रिंटर ७,००० रुपयांनी महाग आहे. सुमारे १,४३० पाने छापल्यावर हा फरक भरून निघेल. वर्षाला ५०० पाने लागणाऱ्या घरी त्याला तीन वर्षेही लागणार नाहीत. वर्षाला ५० पाने लागणाऱ्या घरी मात्र २८ वर्षांहून जास्त काळ लागेल! अशा घराला कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकानच बरे.

यंत्र घरी आणल्यावर घाई करू नये. आतल्या चिकटपट्ट्या आधी काढाव्यात. यंत्र सपाट व कोरड्या जागी ठेवावे. शाई भरताना बाटलीचा आणि टाकीचा रंग जुळवून पाहावा. नंतर चाचणीचे एक पान छापावे. रेषा तुटक आल्या, तर छिद्रे साफ करण्याची सोय यंत्रातच असते. पावसाळ्यात कागद दमट होतात आणि यंत्रात अडकतात. म्हणून कोरे कागद पिशवीत बंद ठेवावेत.

स्कॅन करण्यापूर्वी काच मऊ कापडाने पुसावी. कागद काचेवर पालथा ठेवावा. साध्या कागदाला दर इंचास ३०० ठिपके पुरतात. लहान, जुन्या फोटोला ६०० ठेवावेत. दादीच्या पेटीत एखादे पिवळे पडलेले उर्दू पत्र असेल, तर ते कागद आत ओढून घेणाऱ्या खाचेत कधीही घालू नये, ते फाटेल. ते काचेवर अलगद ठेवावे आणि रंगीत स्कॅन करावे. रंगामुळे डाग कोणता आणि पुसट अक्षर कोणते, हे ओळखता येते.

उर्दू मजकूर दुसऱ्या संगणकावरून छापायचा असेल, तर आधी त्याची पीडीएफ करावी. त्या संगणकात नस्तालीक अक्षरे नसली, तर लिखाणाचे वळणच बदलून जाते.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. स्कॅन केले, म्हणून मूळ कागद टाकून देऊ नका. कचेरीत तोच दाखवावा लागतो. आणि बिघडलेली प्रत तशीच रद्दीत टाकू नका. तिच्यावर अब्बांचे नाव, पत्ता आणि सही असते. ती बारीक फाडून मगच टाका. कागद जपणे म्हणजे घरच्या माणसांना जपणेच होय.

शब्दार्थ
शिधापत्रिका – रेशनकार्ड
पुसट – अस्पष्ट, फिके
दमट – किंचित ओले
अलगद – हळूच, धक्का न लावता

स्वाध्याय
१. लेसर प्रिंटरमध्ये शाईऐवजी काय असते?
२. जुने पत्र काचेवरच का ठेवावे?
३. तुमच्या घरी वर्षाला किती पाने छापावी लागतात? घरच्यांना विचारून हिशेब करा आणि प्रिंटर घ्यावा की नाही, ते पाच ओळींत लिहा.