मुलगी म्हणते, देवमाशांचा अभ्यास करणार!

सातारा-सांगलीच्या वाचकाला देवमासा भेटतो तो बहुधा पोलिसांच्या बातमीत. 'व्हेल माशाची उलटी जप्त, कोट्यवधींचा ऐवज' असे मथळे गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात अधूनमधून छापून येतात. स्पर्म व्हेलच्या आतड्यात, न पचलेल्या माकुलांच्या चोचींभोवती तयार होणारा हा मेणासारखा पदार्थ अत्तराच्या धंद्यात मोलाचा मानला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे त्याचा व्यापार गुन्हा आहे. देवमाशाची आपली ओळख एवढीच असताना घरातल्या बारावीच्या मुलीनं 'मला देवमाशांवर संशोधन करायचंय' असं म्हटलं, तर आईवडील गडबडणारच. शेजारची पोरं नीटला बसलेली, मामेभाऊ पुण्यात एमपीएससीच्या क्लासला, आणि आपल्या लेकीला समुद्र हवाय. तोही कृष्णाकाठी बसून.

पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. आपल्याकडे समुद्र कुठे आहे? यात पोट भरतं का? आणि जरा दबक्या आवाजात, पोरीनं कोळ्यांच्या बोटीवर एकटीनं जायचं? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधी हे काम नेमकं काय आहे ते पाहू, कारण बहुतेक मुलांच्या डोक्यात ते चुकीचं असतं. टीव्हीवर निळ्या पाण्यात देवमाशाशेजारी पोहणारी माणसं दिसतात. कोकणातलं वास्तव म्हणजे गढूळ पाणी, पहाटेची छोटी होडी, हातात जीपीएस आणि दुर्बीण, ठरलेल्या रेषेत तासन्‌तास फेऱ्या, आणि अनेक दिवस कोऱ्या नोंदवह्या. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराचे फोटो काढायचे, त्यावरच्या खाचा-ओरखड्यांवरून एकेक प्राणी ओळखायचा, पाण्यात हायड्रोफोन सोडून आवाज टिपायचे. पावसाळ्यात ही सगळी आकडेमोड संगणकावर करायची. मेलेला प्राणी किनाऱ्याला लागला तर नाकाला रुमाल बांधून त्याची मोजमापं घ्यायची. हे ऐकूनही डोळे चमकत असतील, तर गोष्ट पुढे नेण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात असं काम झालेलं आहे, होतही आहे. सिंधुदुर्गाच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर केतकी जोग, मिहीर सुळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'कोकण सिटेशियन रिसर्च टीम'नं २०१४ च्या सुमारास डॉल्फिन आणि देवमाशांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. पुढच्याच वर्षी त्या समुद्रात निळ्या देवमाशांची नोंद झाली. त्याच २०१५ च्या जूनमध्ये रायगडातल्या रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. दिव्या पणिक्कर यांनी लक्षद्वीपच्या पाण्यात ध्वनिमुद्रक ठेवून निळ्या देवमाशांची 'गाणी' टिपली. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिपानी सुतारिया हे या क्षेत्रातलं आणखी एक आदरानं घेतलं जाणारं नाव. पोरीनं बोटीवर जायचं का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या नावांतच आहे. उरलेलं अर्धं असं, की हे काम सहसा चमूनं आणि ओळखीच्या नावाड्याबरोबर होतं. पालकांनी बंदरावर जाऊन त्या लोकांना भेटावं. त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

आता मुख्य गोष्ट. देवमाशांचा अभ्यास हा निम्मा माणसांचा अभ्यास असतो. हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगत राहतो आणि मच्छीमारही तिथंच जाळं टाकतो. डॉल्फिन जाळ्यातला मासा ओढतो, जाळं फाटतं, नुकसान मच्छीमाराच्या खिशाला. कधी डॉल्फिनच जाळ्यात गुदमरून मरतो. दोघांचं एकमेकांशी काय चाललंय हे कळायचं तर जेटीवर बसून तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी बोलावं लागतं, आणि तेही मासळी उतरवून झाल्यावर, त्याच्या सोयीनं. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले आणि यांत्रिक बोटींचे ट्रॉलरवाले, पर्ससीनवाले यांचं आपसात पटत नाही. मालवणच्या पाण्यात या भांडणांनी पोलीस ठाणीही पाहिली आहेत. त्यात परका माणूस 'संरक्षण' हा शब्द घेऊन आला की लोक आधी संशयानं बघतात, कारण १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी अनेक वर्षं विरोध केला आहे. आपली मासेमारी बंद पडेल ही भीती त्यामागे होती. हा इतिहास ज्याला ठाऊक नाही, त्याची प्रश्नावली कोरीच परत येते.

विश्वास बसला की काय होतं, याचंही उदाहरण आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यानं २०१८ च्या डिसेंबरात आणली. दाव्यासाठी मच्छीमार फोटो नाहीतर व्हिडिओ काढून देतो. त्यामुळे कासवं, डॉल्फिन, देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, कुठं आणि कधी अडकतात याची माहिती थेट बोटीवरून हाती येऊ लागली. एखाद्या प्रबंधाइतकीच मोलाची ही सामग्री आहे.

म्हणून माझं मत असं, की सातारा-सांगलीचं मूल इथं मागे पडत नाही. समुद्र लहानपणापासून पाहिलेला नाही ही अडचण वर्ष-दोन वर्षांत भरून निघते. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, सांगलीहून कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरला की रत्नागिरी. उलट, दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या, पाण्याच्या पाळीवरून आणि उसाच्या दरावरून गावात काय होतं हे पाहिलेल्या मुलाला बंदरावरचं राजकारण लवकर कळतं. शिवाय मराठी येतं. मालवणी चार महिन्यांत कानाला सरावते. दिल्ली-बंगळुरूच्या संशोधकाला ज्यासाठी दुभाषा लागतो, ते तुमच्या मुलाला चहाच्या टपरीवर मिळतं.

शिक्षणाचं म्हणाल, तर बारावीनंतर लगेच 'मरीन बायोलॉजी'च्या पाटीमागे धावू नका. सांगलीचं विलिंग्डन, साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशा ठिकाणी प्राणिशास्त्राची साधी, भक्कम बीएस्सी करा आणि सोबत संख्याशास्त्र मनापासून शिका. या क्षेत्रात मुलं अडतात ती पोहण्यात नव्हे, आकडेवारीत. एमएस्सीसाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूच्या एनसीबीएसचा वन्यजीव अभ्यासक्रम, कोचीचं कुसाट विद्यापीठ, गोवा विद्यापीठ हे पर्याय आहेत. जागा थोड्या, स्पर्धा मोठी.

दुसरा रस्ता रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचा. चार वर्षांची बीएफएस्सी, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची. सावध पालकांना मी हा रस्ता आधी दाखवतो. मत्स्यव्यवसाय विभागातल्या पदांना ही पदवी चालते, आणि पुढे मुंबईच्या वर्सोव्यातल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत (सीआयएफई) पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. देवमाशांचं वेड टिकलं तर तिथूनही वळता येतं, नाही टिकलं तर हातात धंद्याची पदवी असते.

तिसऱ्या रस्त्याचा विचार फारसा कुणी करत नाही, आणि तो तर सातारा जिल्ह्यातच आहे. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. प्रवेश नीटच्या गुणांवर. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं तेव्हा गावकरी, अधिकारी, टग बोट सगळे धावले. पिल्लू ओढून समुद्रात नेलं, पण ते वाचलं नाही. अशा वेळी सागरी प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य लागतो, आणि असे पशुवैद्य आपल्याकडे फार कमी आहेत. एमबीबीएस हुकलं म्हणून घरी सुतक धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पैशाचं सरळ सांगतो. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडं भत्ता, पुढे वरिष्ठ पातळीवर ४२ हजार. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. त्याआधी प्रकल्पांवरची कामं मिळतात, ती कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की नवा शोधायचा. कायम नोकऱ्या मोजक्याच आहेत: केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (सीएमएफआरआय), फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया, विद्यापीठं, मोठ्या संस्था. मागणी मात्र वाढते आहे. आपल्या मासेमारीत सागरी सस्तन प्राणी किती मरतात याचा हिशेब अमेरिका आता मासळी विकत घेताना मागते, त्यामुळे केंद्र सरकारच्या संस्थांना या प्राण्यांची गणना हाती घ्यावी लागली. घरात कर्ज असेल, धाकट्या भावंडाचं शिक्षण बाकी असेल, तर बीएफएस्सी किंवा पशुवैद्यक निवडावं, असं मी स्पष्टच म्हणेन. 'आवडीचं करा, पैसा आपोआप येतो' असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आणखी एका गोष्टीपासून जपा. परदेशी बेटांवर 'देवमाशांसोबत काम' करण्यासाठी तुमच्याकडूनच लाखो रुपये घेणाऱ्या जाहिराती असतात. ती सहल आहे. संशोधनाची उमेदवारी नव्हे.

आत्ता करायचं ते एवढंच: जीवशास्त्र सोडू नका, नीट आणि सीईटी दोन्हींचे अर्ज भरा. परीक्षा संपली की मुलीला घेऊन हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवण गाठा. लिलाव बघा, एखाद्या तांडेलाशी बोला, जमल्यास होडीतून फेरी मारा आणि तिला बोट लागते का तेही पाहून घ्या. मात्र ३१ मेच्या आत जा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते.