जबड्याची सूज दुखत नाही, म्हणून थांबू नका



जव्हार-मोखाड्याच्या वस्त्यांवर आम्ही जातो तेव्हा आया ताप, खोकला, जुलाब, मुलाचे वजन याबद्दल विचारतात. दातांबद्दल सहसा कोणी विचारत नाही. मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर आम्हाला दहा वर्षांची एक मुलगी दिसली. खालच्या जबड्याची उजवी बाजू सुपारीएवढी फुगलेली, हाताला टणक. "दुखतं का ग?" विचारले, तर तिने नाही म्हणून मान हलवली. आई म्हणाली, "पावसाळ्यापासून आहे ताई. दुखत नाही, म्हणून राहू दिलं."

कोणी भुईरिंगणीच्या बियांची धुरी दिली होती, कोणी चुना लावला होता. एका डॉक्टरने तीन वेळा गोळ्या दिल्या होत्या, पण तोंड उघडून दात मोजले नव्हते. आम्ही मोजले. उजवीकडच्या एका दुधाच्या दाढेचे नुसते खुंट उरले होते. डावीकडे त्याच जागी पक्की दाढ आली होती, उजवीकडे नव्हती. एक्स-रे काढल्यावर कारण कळले. जबड्याच्या हाडात पाण्याची पिशवी झाली होती. डॉक्टर तिला सिस्ट म्हणतात.

ही पिशवी होते कशी?

दुधाच्या दातांखाली हाडात पक्के दात तयार होत असतात. प्रत्येक दाताभोवती पातळ वेष्टन असते. दात वर येताना ते आपोआप फाटते. पण काही वेळा वेष्टन आणि दात यांच्यामध्ये पाणी साठते, पिशवी फुगत जाते आणि दात आतच अडकतो. वरची दुधाची दाढ किडून तिच्या मुळाशी पू झाला, तर तो खालच्या कोवळ्या दातापर्यंत पोचतो आणि त्यानेही अशी पिशवी होऊ शकते. म्हणून "दुधाचा दात आहे, पडणारच आहे" असे म्हणून किडलेली दाढ तशीच ठेवू नका.

दुसरा प्रकार किडलेल्या दाताच्या मुळाच्या टोकाशी होतो. तिसऱ्या प्रकारात पाण्याऐवजी पांढरा घट्ट पदार्थ भरतो. हा प्रकार काढल्यावरही पुन्हा होऊ शकतो, म्हणून काही वर्षे तपासणी लागते.

सिस्ट म्हणजे कॅन्सर नव्हे. पण एक्स-रेमध्ये तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गाठीही असतात. त्यामुळे डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायचा म्हटले, तर घाबरून परत येऊ नका.

दुखत का नाही?

पाणी हळूहळू साठते आणि हाड महिनोन्‌महिने आतून झिजते. आत पू झाला तरच ठणका लागतो. तोवर आजूबाजूचे दात सरकतात, हाड अंड्याच्या कवचासारखे पातळ होते आणि साध्या पडण्यानेही जबडा मोडू शकतो.

जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विदर्भातील एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ छोटे दात काढले. ती सिस्ट नव्हती, दात तयार करणाऱ्या पेशींची गाठ होती. पण सूज घेऊन तो मुलगा दीड वर्ष काढत होता. आतले दुखणे बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी एक्स-रेच लागतो.

उपचार काय?

पिशवी लहान असेल तर ती पूर्ण काढतात. लहान मुलात पिशवी मोठी असेल, तर ती एकदम काढताना आतला पक्का दात जाऊ शकतो आणि ओठाला संवेदना देणाऱ्या नसेला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा पिशवीला तोंडाच्या आतून खिडकी पाडतात आणि तिच्या कडा हिरडीला शिवतात. ही पद्धत जर्मन डॉक्टर कार्ल पार्च यांनी १८९२ मध्ये मांडली. पाणी निघून दाब गेला की पिशवी आक्रसते आणि पोकळीत नवे हाड भरू लागते. मुलांचे हाड लवकर भरते. दाताचे मूळ अजून वाढत असते, त्यामुळे अडकलेला दात बऱ्याचदा स्वतःहून वर येतो. नाही आला, तर तारेने ओढून आणता येतो.

खिडकी डॉक्टर पाडतात, पण ती उघडी ठेवण्याचे काम घरच्यांचे. पोकळीत औषधी पट्टी भरलेली असते. ती डॉक्टर सांगतील त्या दिवशी बदलून घ्यावी. पोकळी कशी धुवायची हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी स्वतः करून दाखवा. साधारणपणे प्रत्येक जेवणानंतर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने, बिनसुईच्या सिरिंजने धुतात. मऊ भात, वरण, नाचणीची पेज द्या. ताप, पू, घाण वास किंवा पुन्हा सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. हे सगळे काही महिने चालते.

इथेच आमचे चुकले. त्या मुलीची खिडकी मुंबईच्या सरकारी रुग्णालयात नीट झाली. दिवाळी झाली आणि घरचे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले, मुलीलाही नेले. भट्टीवर धुण्याला स्वच्छ पाणी नाही, रजा घेतली तर मजुरी जाते. पट्टी बदलायची तारीख चुकली, खिडकी बुजली, सूज परत आली. भट्टीवर कधी जाणार, हे आम्ही आधी विचारलेच नव्हते. दुसऱ्यांदा ऑपरेशन झाले तेव्हा आजीला धुवायला शिकवले आणि मुलगी आजीजवळच राहिली. आठ महिन्यांनी हिरडीतून दाढेचे टोक दिसले. आजीने ते आम्हाला बोट लावून दाखवले.

घरी काय पाहावे?

• सहाव्या-सातव्या वर्षी पहिली पक्की दाढ आणि पुढचे दात येतात. नऊ ते बाराव्या वर्षात सुळे आणि लहान दाढा, बारा-तेराव्या वर्षी दुसरी मोठी दाढ येते.
• एका बाजूचा दात आला आणि सहा महिन्यांत दुसऱ्या बाजूचा आला नाही, तर दाखवा.
• गाल किंवा हिरडी टणक फुगली, चांगले दात हलू लागले किंवा वाकडे झाले, तर लगेच दाखवा.
• सूज सुईने किंवा ब्लेडने कोणालाही फोडू देऊ नका. आत रक्ताची गाठ असेल, तर रक्त थांबत नाही.
• दाताला कीड लागते ती गोडाने आणि जंतूंनी. आत अळी नसते, धुरीने काही निघत नाही.

कुठे जावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्यांना मुलाचे तोंड आवर्जून दाखवा. जव्हारचे कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय येथून पुढची चिठ्ठी घ्या. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मोखाड्याहून खोडाळामार्गे कसारा गाठले, की लोकल थेट सीएसएमटीला जाते. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने एक्स-रे बरोबर न्या. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राला विचारा. आणि डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, की आम्ही अमुक महिन्यात कामाला बाहेर जातो. त्याप्रमाणे तारखा लावता येतात.

येत्या पौर्णिमेला विहारात मुले जमतील तेव्हा एक टॉर्च सोबत न्या. प्रत्येकाचे दात डावीकडून, मग उजवीकडून मोजा. ज्याचे जुळणार नाहीत, त्याचे नाव वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात न्या.

जय भीम.